चौथ्या खुंटीवरचं उपरणं

एका डोंगराच्या पायथ्याशी एक तळं होतं आणि त्या तळ्याच्या आधाराने दोन वाड्या जगत होत्या. वरची वाडी तळ्याच्या काठावर होती, खालची वाडी बांधाच्या पलीकडे उतारावर.

ज्या दिवशी बातमी आली तो दिवस साधाच होता. रात्रभर डोंगरात पडलेला पाऊस सकाळी थांबला होता. कुंपणांवर जाळी वाळत होती. कुठल्यातरी घरात शिंगाडे उकडल्याचा वास येत होता. वरच्या वाडीतला एक म्हातारा खांद्यावर उपरणं टाकून आपल्याच अंगणाच्या फाटकाशी उभा होता. तो बाहेर पडायला निघाला होता, पण अजून बाहेर पडला नव्हता. तेवढ्यात बांधाकडून एक बाई आली. धापा टाकत म्हणाली, "तुमचे व्याही गेले. मोरीपाशी, पाण्यात."

म्हाताऱ्याने उपरणं खांद्यावरून काढलं, त्याची नीट घडी घातली आणि तो पायरीवर बसला.

हे कसं झालं ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

वरच्या वाडीची माणसं तळ्यात मासे धरत आणि शिंगाड्याचे वेल लावत. त्यांना तळ्यात पाणी हवं असे. खालच्या वाडीची माणसं भात लावत. त्यांना तेच पाणी शेतात हवं असे. बांधाच्या पोटात पाणी सोडायची मोरी होती. मोरीच्या तोंडाशी, तळ्याच्या आत, एक दगडी खांब उभा होता. त्या खांबाला एकाखाली एक अशी पाच भोकं होती आणि प्रत्येक भोकात एक लाकडी खुंटी ठोकलेली असे. वरची एक खुंटी काढली तर थोडं पाणी खाली जाई. पाचही काढल्या तर तळ्यात चिखल उरे.

किती खुंट्या काढायच्या हे दरवर्षी पावसाळा सरताना ठरे. त्यासाठी प्रत्येक वाडी आपलं एक माणूस नेमे. त्याला हातकरी म्हणत, कारण वाडीचा हात त्याच्या हाती दिलेला असे. दोन्ही हातकरी बांधावर समोरासमोर बसत. बैलबाजारात व्यापारी करतात तसं हातांवर उपरणं टाकत आणि उपरण्याखाली बोटं दाबून सौदा करत. बघायला दोन्ही वाड्या जमत, पण उपरण्याखाली काय चाललंय ते कुणाला दिसत नसे. दिसत फक्त दोन चेहरे, आणि ऐकू येई ती त्यांची थट्टा.

या गोष्टीतले दोघे हातकरी एकमेकांचे व्याही होते. वरच्याची लेक खालच्याची सून होती.

खालचा म्हणे, "व्याही, बोट जरा सैल सोडा. मोडायचा विचार आहे का?"

वरचा म्हणे, "तुम्ही पाच मागता ते आमच्या पोरीला माहेरी आल्यावर मासा मिळू नये म्हणून ना?"

"आणि तुम्ही एकही देत नाही ते तिला सासरी भात मिळू नये म्हणून."

लोक हसत. दोघांची सुरुवात नेहमी अशीच होई, एकाचं पाच आणि एकाचं शून्य. मग उपरण्याखाली एकजण बोट सोडी, दुसरा बोट धरी. कुणी आधी सोडलं ते त्या दोघांनाच ठाऊक. शेवटी उपरणं उचललं जाई आणि धरलेली बोटं सगळ्यांना दाखवली जात. कधी दोन, कधी तीन. का ते कुणीही विचारावं, दोघांनी तिथेच उत्तर द्यावं. सौदा झाकलेला असे, निकाल मात्र उघडा.

त्यानंतर दोघे हातकरी पाण्यात उतरत. प्रत्येक खुंटीला लोखंडी कडी असे. जिथे थांबायचं ठरलं त्याच्या पुढच्या खुंटीच्या कडीला ते उपरणं बांधत. एक गाठ एकाने मारायची, दुसरी दुसऱ्याने. याचा अर्थ, इथून पुढे वर्षभर कुणी हात लावायचा नाही. मग वरच्या खुंट्या काढत. खुंटी निघाली की भोक पाणी जोरात ओढून घेई, म्हणून दोघांच्या कमरेला दोर बांधलेले असत. खालच्याचा दोर वरच्या वाडीची माणसं धरत आणि वरच्याचा खालची. तो तसाच नियम होता.

दोन्ही वाड्यांना बातम्या सांगणारा पूर्वी एकच माणूस होता. तो दोन्हीकडे तेच सांगे आणि कंटाळवाणं सांगे. तो वारल्यावर वरच्या वाडीत एक शिंगवाला आला आणि खालच्या वाडीत एक हलगीवाला. लोक बातमी ऐकून त्यांच्या सुपात मूठभर धान्य घालत. दोघेही गरीब होते, दोघांनाही घरदार होतं.

शिंगवाल्याच्या लवकरच एक गोष्ट लक्षात आली. 'परवा बाजार भरणार' असं सांगितलं की सुपाचा तळ दिसतो. 'खालचे आपल्याबद्दल काय बोलले ते ऐका' असं सांगितलं की सूप भरतं. हलगीवाल्याच्याही तेच लक्षात आलं. दोघे खोटं सांगत नसत. अर्धं सांगत. खालच्या वाडीत कुणी रागाच्या भरात 'फोडून टाका तो बांध' म्हणाला, तर वरच्या वाडीत ते त्याच दिवशी कळे. त्यावर त्याच्या बायकोने 'आणि मग राहायचं कुठे?' असं विचारलं, ते मात्र कळत नसे.

हळूहळू दोन्ही वाड्यांत काही माणसं स्वतःला पक्के म्हणवू लागली. वरचे पक्के म्हणत, तळं आपलं आहे, एकही खुंटी द्यायची नाही. खालचे पक्के म्हणत, पाणी देवाचं आहे, पाचही हव्यात. पुढे पुढे तर रामराम मागे पडला. वरच्या वाडीत माणसं भेटली की 'एकही नाही' म्हणत, खालच्या वाडीत 'पाचही' म्हणत. वरच्या वाडीत एका पंगतीत जावयाला विचारलं, "भाकरी वाढू?" तो म्हणाला, "एकही नाही." पंगतीने टाळ्या वाजवल्या. त्याचं खरं तर पोट भरलं होतं.

जो 'दोन' किंवा 'तीन' म्हणे त्याला कच्चा म्हणू लागले. कच्च्याच्या घरी कुणी विस्तव मागायला जाईना. मग लोक दोन आणि तीन हे शब्दच उच्चारायचे टाळू लागले.

त्या वर्षी बैठकीच्या आधी शिंगवाल्याने विचारलं, "हातकरी आपला आहे ना? मग त्याला उपरण्याखाली लपवायचं काय आहे?" त्याच दिवशी हलगीवाल्यानेही हेच विचारलं. प्रश्न सरळ होता. दोन्ही वाड्यांना तो पटला. वरचा एवढंच म्हणाला, "लपवायचं काही नाही. पण ती रीत आहे."

"कसली रीत?" एक पक्का म्हणाला. "चोरही अंधारात जातो, त्याचीही रीतच आहे."

तेव्हा ठरलं, यंदा उपरणं नको. सौदा उघड्यावर होईल.

दोघे व्याही बांधावर बसले. दोघांच्या मागे आपापली वाडी, दोघांच्या कानाशी शिंग आणि हलगी. खालच्याने पाच बोटं दाखवली, वरच्याने मूठ मिटली. दोन्हीकडे आनंद झाला. दरवर्षीची सुरुवात तीच होती, पण लोकांनी ती पहिल्यांदाच पाहिली आणि त्यांना वाटलं, आपला माणूस काय ठाम आहे.

मग खालच्याने अंगठा दुमडला. हलगी कडाडली. "अंगठा गेला. पहिल्या घटकेतच अंगठा गेला. संध्याकाळपर्यंत काय उरेल?" मागून कुणीतरी म्हणालं, "व्याह्यासाठी वाडी विकली." खालच्याने अंगठा पुन्हा सरळ केला.

थोड्या वेळाने वरच्याने करंगळी उघडली. शिंग फुंकलं गेलं. "आज करंगळी, उद्या मनगट." त्याने करंगळी मिटून घेतली.

दिवसभर असं चाललं. बोट हललं की वाजे, आणि वाजलं की बोट परत जागेवर जाई. ऊन उतरलं तेव्हा खालचा हळूच म्हणाला, "व्याही, हात अवघडला."

"माझाही."

"उपरण्याखाली आत्तापर्यंत जेवून हात धुतले असते."

वरचा हसणार होता, पण शिंगवाला त्याच्या तोंडाकडे बघत होता. तो हसला नाही.

काहीच ठरलं नाही. एकही खुंटी निघाली नाही. दोन्ही वाड्या आपण हरलो नाही म्हणून समाधानाने घरी गेल्या.

पुढे भात निसवायला आलं आणि खालच्या वाडीची शेतं भेगाळली. बांधाच्या त्या बाजूला तळं काठोकाठ भरलेलं, या बाजूला लोंब्या पोचट. वरच्या वाडीचंही भलं झालं नाही. पाणी इतकं चढलं की शिंगाड्याचे वेल बुडाले आणि कुजले. बांधातून पाणी पाझरू लागलं. बांधाच्या अगदी खाली पहिलं घर होतं ते वरच्या हातकऱ्याच्या लेकीचं. तिच्या परसातली माती ओली राहू लागली.

हे शिंगवाल्याने सांगितलं नाही. त्याने सांगितलं, "खालची शेतं वाळली." हलगीवाल्याने सांगितलं, "वरचे वेल कुजले." दोन्ही सुपं भरली.

एक दिवस लेक माहेरी आली. बापाला म्हणाली, "बाबा, मामंजींचा निरोप आहे. ते म्हणतात तीन. तीन खुंट्यांत आमचं निम्मं पीक वाचेल, तुमचे मासे राहतील आणि बांधावरचा भार उतरेल. तुम्ही हो म्हणा, बाकी ते बघतील."

"त्यांची वाडी ऐकेल?"

"नाही ऐकणार. ते म्हणाले, माझ्या वाडीच्या शिव्या मी खाईन, तुमच्या तुम्ही खा. वाटून घेऊ."

तीन बरोबर होतं. त्यानेही मनाशी तीनच धरलं होतं. पण बाहेर ओसरीवर दोन पक्के बसले होते आणि आतलं बोलणं ऐकू यावं म्हणून त्यांनी आपलं बोलणं थांबवलं होतं.

"बघू," तो म्हणाला.

"मी त्यांना काय सांगू?"

"सांग, बघतो म्हणाले."

जाताना तिने दारातून फक्त एवढंच म्हटलं, "बाबा, रात्री झोपले की मला भिंतीतून पाणी ऐकू येतं."

त्यानंतर परतीचा पाऊस आला आणि रात्रभर डोंगरात कोसळला. सकाळी आभाळ निवळलं तेव्हा तळं बांधाच्या माथ्याला टेकलं होतं आणि ओहोळ अजून भरून येत होते. खालचा हातकरी आपल्या वाडीत घरोघरी गेला. "खुंट्या काढायला हव्यात," तो म्हणाला. "दोर धरायला चला."

पक्क्यांनी विचारलं, "किती काढणार?"

"तीन."

"पाच काढा, सगळे येतो."

"पाच काढल्या तर ते उपाशी मरतील. आणि एवढं पाणी एकदम पाटात आलं तर आपलीच घरं वाहून जातील."

"मग जा एकटे. कच्च्याचा दोर धरायची आम्हाला सवय नाही."

म्हातारा बांधावर गेला. सुनेला म्हणाला, "पोरी, तुझ्या बाबांना बोलाव. दोन माणसं आली तरी पुरे. म्हणावं, उपरणं मी आणलंय."

ती धावत वर गेली. बाप अंगणात होता. तिने सांगितलं आणि ती लगेच मागे वळली, कारण सासरा एकटा होता. बापाने उपरणं खांद्यावर टाकलं आणि तो फाटकाशी आला. तेवढ्यात शिंग वाजलं. "खालचे मोरीवर आलेत. खुंट्यांना हात घालायला आलेत." फाटकाबाहेर माणसं जमली.

"हातकरी, कुठे निघालात?"

"मोरीवर. बांध धोक्यात आहे."

"बांध धोक्यात आहे हे कुणी सांगितलं? खालच्यांनी ना?"

"माझ्या लेकीने सांगितलं."

"लेक आता कुठल्या वाडीची?"

त्याने त्यांना समजवायला सुरुवात केली. शांतपणे, एकेकाला. त्याला वाटलं, वाडीला विचारून गेलेलं बरं. वाडीचा हात आपल्या हाती आहे, तो असा हिसकावून न्यायचा नाही. ते चूक नव्हतं. फक्त त्याला वेळ लागत होता.

तो समजावत असताना ती बाई आली.

दुपारपर्यंत तळ्याचं पाणी बांधाच्या माथ्यापासून खाली उतरलं होतं. बांध टिकला. लेकीचं घर टिकलं. तिने एकटीने दोर धरला होता. तिच्या तळव्यांची साल निघाली होती. तिसरी खुंटी निघाल्यावर पाण्याच्या ओढीने म्हाताऱ्याचा हात भोकात ओढला गेला होता आणि एका माणसाच्या ताकदीला तो दोर आवरला नव्हता. माणसं आली ती त्याला बाहेर काढायला.

दोन्ही वाड्या बांधावर जमल्या. हलगीवाला खाली मान घालून म्हणाला, "आमच्या हातकऱ्याने पाचही काढायचं ठरवलं होतं. तीन निघाल्या, दोन राहिल्या." पलीकडे शिंगवाला हलक्या आवाजात आपल्या माणसांना सांगत होता, "तळं रिकामं करायला उतरले होते. देवाने मध्येच थांबवलं." दोघांचाही आवाज लहान होता. सवयीने बोलत होते.

पाणी तिसऱ्या भोकाच्या पातळीला येऊन थांबलं आणि हळूहळू निवळलं. मग एकाला दिसलं, नंतर सगळ्यांना दिसलं. हातभर पाण्याखाली, चौथ्या खुंटीच्या कडीला, पांढरं उपरणं बांधलेलं होतं.

काही काढायच्या आधी त्याने ते बांधलं होतं. इथून पुढे कुणी हात लावायचा नाही.

मग वरचा हातकरी पुढे झाला. त्याचा आवाज नेहमीइतकाच होता.

"तीनच ठरल्या होत्या," तो म्हणाला. "मला निरोप आला होता. मलाही तीनच हव्या होत्या. मी बघू म्हणालो."

शिंगवाल्याने विचारलं, "हे मी वाडीत कसं सांगू?"

"सगळं सांग."

"लोकांना आवडणार नाही."

"नाही आवडणार."

त्या संध्याकाळी शिंगवाल्याने सगळं सांगितलं. सुपात फारसं काही पडलं नाही. एका म्हातारीने मात्र दोन मुठी घातल्या.

पुढच्या वर्षी उपरणं परत आलं. सगळ्यांना ते मान्य नव्हतं. काही पक्के घरीच बसले. पण एक नवा नियम झाला. सौद्याच्या वेळी शिंग आणि हलगी घरी ठेवायची. निकाल लागला की शिंगवाल्याने तो खालच्या वाडीत जाऊन सांगायचा आणि हलगीवाल्याने वरच्या वाडीत. परक्या अंगणात उभं राहून अर्धं सांगणं कठीण जातं, हे त्या दोघांना पहिल्याच वर्षी कळलं.

खालच्या वाडीने त्या वर्षी हात दिला तो म्हाताऱ्याच्या सुनेला. ती बांधावर बापासमोर बसली. तिच्या तळव्यांवर दोराचे वण होते. बापाने उपरणं टाकलं. उपरण्याखाली तिने रीतीप्रमाणे पाच बोटं धरली. त्याने रीतीप्रमाणे मूठ मिटली, आणि मग तिच्या तळव्यावरचा वण त्याच्या बोटांना लागला. त्याने मूठ उघडली. त्या दोघांनाच ठाऊक की आधी कुणी सोडलं.

वाड्यांतली मोठी माणसं ही गोष्ट मुलांना सांगतात तेव्हा शेवटी म्हणतात, तात्पर्य एवढंच: आपल्या माणसाला दुसऱ्यासमोर एक बोटही वाकवू दिलं नाही, तर तो कुणाचाच हात धरू शकत नाही, आणि जो आपल्याला रोज फक्त आपल्याच बाजूचं ऐकवतो, तो आपल्याला निम्मं बहिरं करून ठेवतो.

सौदा झाल्यावर बाप आणि लेक पाण्यात उतरले. जुनं उपरणं तसंच होतं, शेवाळलेलं. ते सोडून त्या जागी नवं बांधायचं असतं. बापाने पाण्याखाली कडीशी हात नेला आणि चाचपून पाहिलं. व्याह्यांची गाठ घट्ट होती. तिच्या शेजारी उपरण्याचं दुसरं टोक मोकळं सोडलेलं होतं, गाठीपुरतं. ती गाठ त्याने मारायची होती. ती मारायची राहिली.